बंद गाडी, बसलेली हत्यारं

परत आल्यापासून ऑफिसात सगळे एकच विचारतात, वेरूळ पाहिलंस का? नाही पाहिलं. अजिंठाही नाही. मकबऱ्याच्या जवळूनसुद्धा गेले नाही. मी मुकुंदवाडीतला एक गॅरेजचा गाळा पाहिला, पैठण रस्ता पाहिला, आणि बिडकीनच्या पुढे सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या एका रानात बसलेली दीडेकशे मेंढरं पाहिली. लेण्यांसाठी पुन्हा जाईन. हे मात्र पुन्हा घडणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

मी ठाण्याची. सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं, त्यामुळे मराठीत एवढं लांब लिहायची सवय नाही, आणि अनोळखी माणसांशी बोलायची तर कुठल्याच भाषेत नाही. पूनमची आणि माझी ओळख पुण्याच्या होस्टेलमधली. आता ती चितेगावच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासण्याचं काम करते आणि मुकुंदवाडीत खोली घेऊन राहते. चार वर्षं ती दसऱ्याला बोलवत होती. या वर्षी गेले, कारण तिने गाडी घेतली होती. जुनी, पांढरी, मागच्या काचेवर आधीच्या मालकाच्या मुलांची नावं असलेली.

नवमी, मुकुंदवाडी

स्टेशनवर ती स्वतः गाडी घेऊन आली. क्रांती चौकात एक रिक्षा डावीकडून घुसली, एक उजवीकडून, आणि समोरून एका माणसाने झेंडूची पोती लादलेली हातगाडी आडवी घातली. पूनमने हॉर्न वाजवला नाही. गाडीच्या स्टिअरिंगवर हळूच थोपटलं आणि म्हणाली, "थांब, जाऊ दे त्यान्ला." मला वाटलं माझ्याशी बोलते आहे. मी म्हटलं, "मला घाई नाही." मग दोघी हसलो.

तिची खोली नानींच्या घरात आहे. नानी म्हणजे घरमालकीण, साठीच्या पुढच्या. त्यांची शेती याच भागात होती, आता तिच्यावर इमारती उभ्या आहेत. दोन्ही मुलगे नोकरीला, एक पुण्यात, एक इथेच महापालिकेत. घर मात्र अजून शेतकऱ्याचंच आहे. अंगणात पेंढी बांधायची दोरी टांगलेली, कोपऱ्यात पाट्या, आणि देवघरात घट. नऊ दिवसांत घटातलं धान वीतभर वाढलं होतं, वर दोऱ्याला तळलेल्या कडाकण्या लटकत होत्या. आमच्याकडे नवरात्र म्हणजे सोसायटीत गरबा. हे मी पहिल्यांदा पाहत होते आणि पाहताना दिसू नये म्हणून दारातच उभी होते.

"आत ये की, घट काय चावतोय व्हय?" नानी म्हणाल्या.

जेवायला पुरणपोळी आणि कटाची आमटी. आमटीला आमच्याकडच्यापेक्षा दुप्पट तिखट. मी पाणी मागितलं नाही. नानींनीच तांब्या पुढे केला आणि तोंडाकडे बघून म्हणाल्या, "मुंबईचं पानी दिसायलं डोळ्यात."

जेवण चालू असतानाच पूनमच्या वडिलांचा फोन आला. तिचे हात पुरणाचे, म्हणून तिने स्पीकर लावला. अण्णांचा आवाज मोठा आणि सपाट होता, वाऱ्याविरुद्ध बोलायची सवय असलेल्या माणसाचा.

"उद्या कळप हलायलाय. बारा वाजायच्या आत."

"यायले मी, अण्णा."

"ऐक. तू, तुझी तू गाडी घिऊन ये. मागं दोनदा दत्ताला बोलवलंस. एकदा चाक बसलं म्हून, एकदा नालीत घातली म्हून. असं सारखं व्हायलं तर ती गाडी तुझ्यापाशी ठिऊन काय करायचं? दत्ताला इथं कोकरं न्यायला, पान्याचे ड्रम न्यायला गाडी लागतीच. उद्या दत्ताला न बोलवता आलीस तर गाडी तुझी. नाय आलीस तर दत्ता येऊन घिऊन जाईल. मी जायच्या आदी ठरवून जानार. मग पाडव्यापतुर मी काय घावत नाय."

फोन बंद झाला. दत्ता म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तिच्या घरची माणसं पिढ्यान् पिढ्या मेंढपाळ. दसऱ्याला कळप घेऊन निघतात, रानोरान मुक्काम करतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात.

मी म्हटलं, "पण गाडी तुझ्या पगारातली आहे ना?"

"व्हय," पूनम म्हणाली. "आमच्यात कमाई कुणाची ते विचारत नाहीत. कामाला कुणाच्या येईल ते बघतात. अण्णांचं काही चुकत नाही गं. नुकती जन्मलेली, ओली कोकरं घोड्याच्या पाठीवर झोळीत घालून न्यावी लागतात. पण मला चितेगावला जायला शेअर रिक्षात पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसायचं नाही आता. बस, एवढंच."

हे तिने मला फोनवरही कधी सांगितलं नव्हतं.

दिवस मावळता अंगणात गाडीची पूजा झाली. पूनमने बोनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांना कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि दुसऱ्या दिवशीसाठी आपट्याची पानं आणायला कोपऱ्यावर गेली. नानींनी पुढच्या चाकापाशी पणती ठेवली. वाऱ्याने विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली.

"पूजा झालेल्या वस्तूला अंधारात ठेवायचं नसतं," नानी मला म्हणाल्या. "घटाचा दिवा कसा नऊ दिवस तेवतो? मग हिची बी आजची रात्र हाय की. ह्या गाडीला आत दिवा असतो ना गं? तेवढा लाव."

मला माहीत होतं. शाळेत सातवीत शिकवलेलं होतं, शिवाय बाबांच्या गाडीत एकदा झालेलं होतं. "बॅटरी उतरेल" एवढे दोन शब्द म्हणायचे होते. पण दुसऱ्याच्या अंगणात, पहिल्याच दिवशी, मोठ्या बाईंना, आणि तेही पूजेच्या बाबतीत? मी दार उघडलं, छताच्या दिव्याचं बटण दाबलं, दार लावलं. नानींनी हात जोडले. पूनम आली की तिला सांगू असं मी ठरवलं. ती आली तेव्हा नानी शेजारीच होत्या. जेवताना आठवलं, तेव्हाही होत्या. मग वाटलं, एवढ्याशा दिव्याने काय होणार आहे.

दसरा, सकाळ

साडेसातला पूनमने किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. हॉर्नमधून गळा बसल्यासारखा आवाज आला.

"बॅटरी," ती म्हणाली आणि स्टिअरिंग धरून तशीच बसून राहिली.

मी वर पाहिलं. बटण दाबलेलंच होतं, दिवा मात्र विझलेला. मी हात वर करून ते बंद केलं. तिने पाहिलं नाही.

नानी बाहेर आल्या. "काय गं? रातच्याला खिडकीतून किती झाक दिसत होती गाडी!" पूनम बोनेट उघडायला उतरली होती, तिच्या कानावर ते गेलं नाही. माझ्या गेलं.

ढकलून चालू करणं शक्य नव्हतं. अंगण रस्त्यापेक्षा गुडघाभर खाली आहे, गाडी बाहेर काढायला चढ. आम्ही दोघी आणि नानी मिळून एकदा जोर लावून पाहिला. गाडी चाकभर वर गेली आणि तितकीच खाली आली. नानींचा मुलगा सासुरवाडीला गेला होता. गल्लीतल्या सगळ्या गाड्या धुऊन, हार घालून उभ्या, पण जोडायला केबल कोणाकडेच नव्हती. पूनमने फोन काढला, दत्ताचं नाव उघडलं आणि फोन परत खिशात टाकला.

"नवव्या गल्लीच्या तोंडाला विलासमामांचा गाळा आहे," ती म्हणाली. "त्यांच्याकडे केबल असते. मी इथं टर्मिनल साफ करते, तू जाऊन मागतेस?"

ज्यांना माझ्यासारखा स्वभाव नाही त्यांना हे सांगून कळणार नाही. मी हॉटेलातही भाजी चुकीची आली तर तशीच खाते. पण त्या दिवशी मी चप्पल घातली आणि निघाले.

गाळा उघडा होता. बाहेर मामा खुर्चीवर बसले होते, पांढरा कडक शर्ट, कपाळाला गंध, हाताला मेकॅनिकचं काळं तेल नाही. शेजारी एक दाढीवाले गृहस्थ पाइपने टेम्पो धूत होते.

"जंपर केबल आहे का?" मी विचारलं.

"हाय की. ती बघा."

आत टेबलावर लाल कापड अंथरलं होतं. त्यावर नट-बोल्टचे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत, मग पकडी, हातोडे, जॅक, हवा मोजायचं मीटर, आणि एका कडेला केबलचं वेटोळं. प्रत्येकावर हळद-कुंकू आणि झेंडूची पाकळी.

"पण हत्यारं बसल्यात," मामा म्हणाले.

"म्हणजे?"

"काल बसवली. आज अकराला उठतेत. तवर हात लावायचा नाय. वडलांपास्नं हाय हे आमच्यात. ते लोहारकाम करायचे, त्यांचा भाता बी बसायचा. वर्षभर राबतेत बिचारी, एक दिवस तर बसू द्यायची."

मी "बरं" म्हटलं आणि वळले. एरवी माझं एवढ्यावर संपलं असतं. गल्लीच्या वळणापर्यंत आलेही. तिथून नानींचं अंगण दिसत नाही, पण पूनम बोनेटमध्ये वाकलेली असेल आणि तिला वाटत असेल की चूक तिच्या जुन्या गाडीची आहे, हे दिसत होतं. मी परत गेले.

टेम्पो धुणारे गृहस्थ म्हणाले, "क्या हुआ बाजी?" हे रशीदभाई. गाळा त्या दोघांचा भागीदारीत आहे हे नंतर कळलं.

मी त्यांना गाडीचं सांगितलं. "करंट तो मैं दे देता, मेरा टेम्पो खडा है," ते म्हणाले. "लेकिन केबल उधर बैठी है. उस्ताद की पूजा की चीज कू मैं हाथ नहीं लगाता."

"दुसरी केबल?"

"एकच है. बारा साल से एकच है."

मग मी जे कधी करत नाही ते केलं. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट दोन अनोळखी माणसांना भर रस्त्यात सांगितली. पूनमचे वडील बाराच्या आत कळप घेऊन निघणार, पोचायला सव्वा तास, न पोचल्यास गाडी भावाकडे जाणार. सांगताना माझी क्रियापदं मागे-पुढे होत होती. मामांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"भावाला फोन लावला तर येईल की तो," ते म्हणाले.

"त्याला बोलवायचं नाही, हीच तर अट आहे."

"आस्सं." मामांनी रशीदभाईंकडे पाहिलं. रशीदभाईंनी पाइप बंद केला.

मला आमच्या घरचा दीड दिवसाचा गणपती आठवला. मी म्हटलं, "आमच्याकडे विसर्जनाचा टेम्पो कधी लवकर येतो. मग बाबा अक्षता वाहतात, मूर्ती जागची थोडीशी हलवतात आणि मग उचलतात. तसं... फक्त केबलपुरतं नाही का चालणार?"

मला वाटलं, आता आपण फार बोललो.

"बात तो बराबर है, उस्ताद," रशीदभाई म्हणाले.

"तू गप रे. तुला काय कळतंय पूजेतलं?"

"बारा साल से देख रहा मैं. नारियल कौन लाता हर साल?"

मामा उठून आत गेले आणि टेबलासमोर उभे राहिले. "निस्ती केबल उठवायची? बाकीची काय म्हनतील? आमाला का बसवून ठिवलं म्हनतील." ते हे अगदी गंभीरपणे म्हणाले. "उठवायची तर समदी उठवावी लागतील." मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "अगं, अक्षता आन!"

"अजून नऊ बी नाय वाजले!" आतून मामींचा आवाज.

"माझ्या घड्याळात अकरा वाजले. आन तू."

मामींनी वाटी आणली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या. मामांनी पहिल्या पान्यावर अक्षता टाकल्या, तो बोटाने किंचित सरकवला, कपाळाला लावला आणि बाजूला ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. एकही पाना त्यांनी सोडला नाही. मी घड्याळ बघत होते आणि बघते आहे हे त्यांना दिसू नये म्हणून हात मागे धरला होता. केबल सगळ्यात शेवटी होती. ती उठेपर्यंत नऊ वाजून वीस मिनिटं झाली.

मामा केबल घेऊन आले, रशीदभाईंनी टेम्पो नानींच्या दारात रस्त्यावर लावला. केबल कशीबशी पुरली. लाल चिमटा आधी आमच्या बॅटरीला, मग टेम्पोच्या. काळा आधी टेम्पोला. पूनम दुसरा काळा चिमटा आमच्या बॅटरीला लावायला गेली तर ते म्हणाले, "नक्को, नक्को. उधर नहीं, ठिणगी उडती. इधर, इंजन के बोल्ट पे." पाच मिनिटं टेम्पो नुसता चालू ठेवला. मग पूनमने किल्ली फिरवली आणि गाडी एकदम चालू झाली, इतकी सहज, की आम्हाला लाजच वाटली.

नानींनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. मामांनी बॅटरीवरची तारीख अंगठ्याने पुसून वाचली. "म्हातारी झाली ही. दिवाळीच्या आदी बदला. आन आता मधी गाडी बंद करू नका बरं का. एकदा बसली तर परत उठायची नाय."

पैशांचं विचारलं तर त्यांनी माश्या हाकलल्यासारखा हात हलवला. पावणेदहा झाले होते.

पैठण रस्ता

दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मध्ये मध्ये तूर. प्रत्येक ट्रकच्या तोंडाला केळीचे खुंट आणि झेंडू. इंजिनाचा आवाज बदलला की पूनमचा चेहरा बदलत होता. ती एसी लावत नव्हती, रेडिओ लावत नव्हती, गिअर बदलताना ओठ आवळत होती.

चितेगावात गर्दी लागली. कुठल्याशा कारखान्याच्या गेटबाहेर ट्रॅक्टरांची रांग, हलग्या वाजत होत्या. आम्ही जागच्या जागी उभ्या. पूनम क्लचवर पाय ठेवून हळूहळू रेस देत होती.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "घ्यायच्या आधी बॅटरी तपासायला पाहिजे होती. दिवसभर दुसऱ्यांचे पार्ट तपासते आणि स्वतःच्या गाडीचं बघितलं नाही. अण्णा बरोबर बोलतात."

मी समोरच्या ट्रॉलीवरचा नंबर वाचत होते. दोनदा वाचला. मग म्हटलं, "पूनम, काल रात्री आतला दिवा चालू राहिला होता. मी लावला होता."

तिने माझ्याकडे बघितलं नाही, कारण रस्त्यावरची नजर काढता येत नव्हती. "कामून?"

मी नानींचं सांगितलं. विझलेल्या पणतीचं, अंधाराचं. "मला माहीत होतं काय होईल. बोलायला हवं होतं. बोलले नाही. सकाळीही बोलले नाही."

ट्रॉली हलली. आम्ही हललो. चितेगाव मागे पडेपर्यंत ती गिअरच बदलत राहिली. मग म्हणाली, "पुण्यात मेसवाल्याने महिनाभर तुला दुसरीचा डबा दिला, तो पण तू असाच खाल्लास."

"हो."

"कार्ल्याचा होता."

"हो."

"येडी हायस तू," ती म्हणाली. तिची घरची बोली अशी मधूनच येते, रागात किंवा मायेत. यातलं कुठलं होतं ते मला बिडकीनपर्यंत कळलं नाही. बिडकीनच्या चौकात ती म्हणाली, "नानींना सांगू नको. त्या परत कशालाच दिवा लावणार नाहीत." तेव्हा कळलं.

रानात

साडेअकराला पोचलो. डांबरी रस्ता सोडून गाडीवाटेने गाडी आत घातली. सोयाबीन काढलेलं रान, त्यात मेंढरं जवळजवळ चिकटून उभी. एका शेतकऱ्याने रात्रभर कळप आपल्या रानात बसवला होता, खतासाठी. त्याच्या बदल्यात धान्य मिळतं. मला वाटायचं शेतात मेंढरं शिरली की भांडण होतं. इथे बोलावून बसवतात.

दोन घोडी सामानाने लादलेली, बिऱ्हाड बांधून तयार. अण्णा उंच, वाळलेले, खांद्यावर घोंगडी. पूनमची आई चुलीवरचा शेवटचा तवा उतरवत होती. दत्ता विशीतला, मोटारसायकलला टेकून उभा. त्याने आधी गाडीकडे बघितलं, मग बहिणीकडे.

पूनम उतरली. गाडी चालूच ठेवली.

"आलीस?" अण्णा म्हणाले.

"आले की."

"वाटंत काय तरास?"

"नाय."

"मग बंद कामून करंना झालीस?"

पूनमने बोनेटवरचा हार सरळ केला. मेंढरांची कड इंजिनाच्या आवाजाने मागे मागे सरकत होती. दत्ता हसला. "अण्णा, ती बंद केली तर चालू होत नसंल. म्हून."

तेव्हा मी बोलले. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "चूक माझी आहे. काल गाडीची पूजा झाली होती. म्हणून आतला दिवा मी रात्रभर चालू ठेवला. त्याने बॅटरी उतरली. तिला माहीत नव्हतं."

अण्णांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं. "पूजा झाल्यावर लावला?"

"हो."

"मग त्यात चूक काय? पूजेम्होरं अंधार ठेवत नसतेत." त्यांनी पूनमला विचारलं, "मग? दत्ताला फोन केला का?"

"नाय."

"मग उठली कशी ही?"

पूनमने विलासमामांचं सांगितलं. बसलेली हत्यारं, अक्षता, एकेक पाना. अण्णा ऐकता ऐकता खाली बसले. "समदी उठवली?" त्यांनी विचारलं. "एकासाठी समदी? मान्सं हायती अजून." मग उठले. "बंद कर आता. जनावर बिचकायलंय."

पूनमने किल्ली फिरवली. रान एकदम शांत झालं.

आईने आम्हाला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची ओली चटणी आणि मेंढीच्या दुधाचा चहा दिला. चहा दाट आणि किंचित खारट लागतो. मी दोन कप प्यायले, आणि दुसरा मागून घेतला. आपट्याची पानं दिली घेतली. आईने माझ्या हातात पानं देताना बोटं धरून ठेवली आणि विचारलं, "तुज्या आईला करमतंय का तुज्याबगर?" मी मान हलवली, हो आणि नाही अशी दोन्हीकडे.

बाराला दहा कमी असताना अण्णांनी काठी उचलली. कळप उठला. पुढची मेंढी हलली की मागची सगळी ओतल्यासारखी निघतात. आई घोड्याचा लगाम धरून पुढे गेली. घोड्याच्या पाठीवरच्या झोळीतून तीन कोकरांची डोकी बाहेर.

"आता चालू करून दाव," अण्णा म्हणाले.

टक.

पूनमने श्वास घेतला. पुन्हा फिरवली. टक, आणि मग काहीच नाही.

"बघा, अण्णा," दत्ता म्हणाला. तो दुष्टपणाने म्हणाला नाही. त्याला खरोखरच गाडीची गरज होती आणि त्याचं म्हणणं खरं निघालं होतं. "दरवेळी असंच व्हनार. मी ठिवतो गाडी हितंच, बॅटरी टाकून घेतो, कळपामागं कामाला येईल. ती बसनं जाईल."

पूनम दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होती. वाद घातला नाही. अट तिने पाळली होती, आणि गाडी बंद होती.

अण्णांनी काठी बांधाला टेकवून ठेवली. घोंगडी खांद्यावरून काढून काठीवर टाकली. गाडीच्या मागे गेले आणि काचेवरच्या त्या अनोळखी मुलांच्या नावांवर दोन्ही तळहात टेकवले.

"दत्ता, इकडं ये. हात लाव."

"मेंढरं फुडं चालली, अण्णा."

"चालू दे. वाट ठावं हाय त्यांना." मग मोठ्याने, "पूने, तू हलू नको तितून. दुसऱ्या गेरात टाक, सांगतो तवा क्लच सोड."

मीही मागे गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं. अण्णांच्या डावीकडे दत्ता, उजवीकडे मी. रान नांगरलेलं नव्हतं, वाट थोडी उताराची होती. पहिल्या जोराला चाकं मातीतून निघाली. अण्णा मेंढरं हाकतात तसं तोंडाने "हुर्र, हुर्र" करत होते. गाडी वेग घ्यायला लागली. "सोड!" गाडीला हिसका बसला, मी बंपरवर आपटले, इंजिन गुरगुरलं आणि चालू झालं.

आणि पूनम थांबली नाही. थांबताच येणार नव्हतं तिला. हळूहळू पुढे जात तिने माझ्या बाजूचं दार आतून उघडलं आणि ओरडली, "पळ!" मी पळाले. निरोप असा कोणाचाच घेतला नाही. धावताना मागे फक्त एकदा वळून पाहिलं. अण्णांनी घोंगडी झटकली, खांद्यावर घेतली, काठी उचलली. दत्ता गाडीकडे हात करून त्यांना काही विचारत होता. त्यांनी त्याला मोठ्याने एकाच वाक्यात उत्तर दिलं आणि कळपामागे चालायला लागले.

मी आत बसले. गुडघा खरचटला होता. डांबरी रस्त्यावर येईपर्यंत पूनमने इंजिनाचा आवाज पडू दिला नाही. मग म्हणाली, "अण्णा दत्ताला काय म्हणाले? तू बाहेर होतीस. ऐकलंस?"

"ऐकलं."

"सांग ना मग!"

"म्हणाले, कोकरांना आपलं घोडं बरं."

तिने गाडी तिसऱ्यात टाकली. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "परत सांग."

मी परत सांगितलं. बिडकीन येईपर्यंत तिने ते माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं, आणि चौथ्या वेळी एसी लावला.